कचऱ्यात गेलेला बँड

फोटोत दोन बँड होते. हवा होता एकच.

कुरुळीच्या एका लहानशा कंपनीत मी क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी बघते. आम्ही अँटिबॉडी बनवतो, म्हणजे एका ठराविक प्रथिनालाच जाऊन चिकटणारं द्रव्य. ही अँटिबॉडी होती मेंदूतला अमोनिया साफ करणाऱ्या एन्झाइमसाठी. टेस्ट सोपी असते. मेंदूच्या नमुन्यातली प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेन नावाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यावर उतरवायची आणि वर अँटिबॉडी लावायची. ती चिकटते तिथे फोटोत काळी रेघ उमटते. तोच बँड.

आता आमची काटकसर ऐका. अँटिबॉडी कमी लागावी म्हणून आम्ही मेम्ब्रेन आधीच कापायचो. एन्झाइमचा बँड येतो तेवढीच पट्टी ठेवायची, बाकी कचऱ्यात. सगळेच करतात, मीही वर्षानुवर्षं केलं. त्या दिवशी घाईत कापायला विसरले आणि खाली दुसरा बँड दिसला, पहिल्यापेक्षा ठळक. आमची अँटिबॉडी भलत्याच प्रथिनालाही चिकटत होती.

टेस्ट पुन्हा केली. पुन्हा दोन. आधीच्या लॉटची शिल्लक कुपी काढली, तिच्यातही दोनच. तो लॉट माझ्या सहीने पुण्यातल्या एका संशोधक मॅडमकडे गेला होता. त्या मेंदूचे काप रंगवून तपासतात. कापावर प्रथिनाचा आकार कळत नाही. अँटिबॉडी चिकटेल तिथे तपकिरी रंग येतो, मग ते प्रथिन कुठलंही असो. म्हणजे त्यांचं सगळं काम गेलं. आणि माझी नोकरी.

देशमाने सर आमचे लॅब हेड. मी फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला.

"वर्षा, खालचा भाग क्रॉप करून रिपोर्ट दिला तर?"

खोटं कशाला बोलू, 'चालेल सर' अगदी ओठांवर आलं होतं.

"मग सही तुम्ही करा, सर."

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी इथे तपासलंच नाही हो. तुमचा रिपोर्ट होता ना."

लॉट परत आला. माझी नोकरी राहिली. मॅडमचं दीड वर्षाचं काम मात्र पहिल्यापासून सुरू झालं.

मला वाटायचं, गिऱ्हाईक तपासूनच वापरत असेल. गिऱ्हाइकाला वाटायचं, मी तपासूनच पाठवते.