परमुलखाला निघालेल्यांना ढवळू काय सांगे

वावरच्या पाड्यावरून कोणी मुंबईला निघालं, की आधी ढवळूच्या अंगणात येऊन बसे. जव्हारच्या राजाची हद्द संपली की पुढचा मुलूख इंग्रजांचा. तो सगळ्यांच्या आधी पाहून आलेली माणसं पाड्यात दोनच. त्यातला रघु वारला. राहिला ढवळू.

तो रंगवून सांगत नसे. गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसे आणि एकेक सांगे. पालघरच्या ठेसनापर्यंत दोन दिवसांची चाल, नाचणीच्या भाकऱ्या चार जास्त घ्या. तिकडं झरा नाही, नळ असतो. पाणी लाज न धरता मागा. कोणी गोड बोलून गठुडं उचलायला आला तर देऊ नका. जोडीदाराच्या धोतराला आपल्या धोतराची गाठ मारा. लोक हसतील. हसू द्या. आणि चुकामूक झालीच, तर मुंबईच्या ठेसनावरच्या मोठ्या घड्याळाखाली जाऊन बसा.

हे शेवटचं तो दोनदा सांगे.

हे सगळं रघुनं त्याला सांगितलं होतं. त्याला आणि लाडक्याला. विलायतेचा बादशहा मुंबईला यायचा होता, शहरभर तेलावाचून दिवे लागायचे होते. लाडक्याला ते दिवे पाहायचे होते. भात झोडून झालं होतं, हाताला काम नव्हतं. "ढवळ्या, चार दिवस राजासारखं हिंडू," तो म्हणाला. दोघं लहानपणापासून एका ताटलीत जेवलेले. निघाले.

मुंबईत एका आरशांच्या दुकानापुढे लाडक्या थांबला तो हलेचना. डोक्यापासून पायापर्यंत त्याने स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं.

"ढवळ्या, मी एवढा काळा हाय?"

"काळा हायस, आणि येडाही हायस. चल, समुद्राकडं दिवे बघायची जागा जाईल."

"थांब रं. चैतीनं या तोंडाशी लगीन कसं केलं, ते बघू दे."

ढवळूचं पोट रिकामं होतं. चिडून त्याने दोघांच्या धोतरांची गाठ सोडली. "बघत बस. मी होतो पुढं. डहाळ्या टाकतो, ये मागून."

डोंगरात असंच करतात. पुढे गेलेला माणूस फाट्यावर, जी वाट घ्यायची नाही तिच्यावर पाल्याची डहाळी आडवी टाकतो, वर दगड ठेवतो. मागचा ती पाहून दुसरी वाट धरतो. ढवळूने पिंपळाच्या डहाळ्या मोडल्या. चार नाक्यांवर टाकल्या. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

समुद्रावर तो ऊन कलेपर्यंत थांबला. लाडक्या आला नाही. परत फिरला तर एकाही नाक्यावर डहाळी नव्हती. बादशहा यायचा म्हणून रस्ते पुन्हा पुन्हा झाडले जात होते. एक बाई टोपली घेऊन चालली होती. टोपलीत पिंपळाचा पाला होता.

आरशांचं दुकान त्याला सापडलं नाही. मग रघुचं सांगणं आठवलं. घड्याळाखाली तो दोन दिवस बसला. पण डोंगरातली रीत वेगळी. खूण संपली की जागा सोडायची नाही. पुढचा शोधत परत येतो. लाडक्या पक्का डोंगरातला. तो तिथेच बसला असणार. ढवळू इकडे, तो तिकडे.

पाड्यात येऊन ढवळू म्हणाला, "गर्दीत हात सुटला."

नऊ वर्षं लोटली. चैतीने कपाळ पुसलं नाही. आणि एका सकाळी तीच अंगणात येऊन बसली. सोबत हौशी, तिची माहेरपासूनची मैत्रीण.

"आम्ही मुंबई बघाया चाललो," चैती म्हणाली. "सगळ्यांना सांगतोस तसं आम्हालाही सांग, दादा."

"हिला चालताना गप बसायचं कसं, तेही सांग," हौशी म्हणाली. "पालघरपर्यंत माझे कान किटतील."

ढवळूने सांगितलं. भाकऱ्या, नळ, गठुडं. गाठ. घड्याळ.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"रघुनं."

"जायच्या आधी?"

ढवळूने मान हलवली.

"मग गाठ मारली होती ना? हात कसा सुटला?"

हौशीचं हसू मावळलं. ढवळूने गुडघ्यांभोवतीचे हात सोडले. मग त्याने सांगितलं. आरसा, लाडक्याचं बोलणं, आपला राग, सोडलेली गाठ, डहाळ्या, टोपली. काही वगळलं नाही.

चैती रडली नाही. "माझं नाव घेतलं त्यानं?" एवढंच तिने विचारलं.

"घेतलं."

"आणि तू त्याला टाकून गेलास. तो खुणेची वाट बघत बसला, आणि मी नऊ वर्षं गर्दीला शिव्या दिल्या."

ती उठली. हौशीने तिच्या पदराला आपल्या पदराची गाठ मारली. दोघी टेकडी उतरून गेल्या.

दुपारी ढवळू पाण्याला निघाला. त्याच्या घराची वाट जिथे मुख्य पायवाटेला फुटते, तिथे एक डहाळी पडली होती. सागाची, ताजी. त्याच्या वाटेवर आडवी. वर दगड.

त्याने हंडा खाली ठेवला. पाड्यातलं लहान पोरही ही खूण ओळखतं. डहाळी उचलायला तो वाकला. दगड डुगडुगत होता.

त्याने तो नीट बसवला.