बाजेच्या चौकटीतलं रान

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत मला बोलायला जमत नाही. म्हणून पुतणीच्या अर्ध्या उरलेल्या वहीत हे लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही. एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत सिद्ध झाली, ती विसरू नये एवढंच.

आमचं ओढ्याकडचं रान दोघा भावांत वाटलं, त्याला बरीच वर्षं झाली. वाटणी चुलत सासऱ्यांनी केली. आमच्याकडं मोजायची रीत अशी, की दोरीनं चारी बांध मोजायचे, समोरासमोरच्या बांधांची बेरीज करून निम्मी करायची, आणि मग दोन्हींचा गुणाकार. दोन्ही तुकड्यांचे बांध दोरीला दोरी सारखे भरले. आमचा तुकडा रस्त्याच्या कडेनं सरळ, चौकोनी. दिरांचा ओढ्याच्या कलानं तिरपा गेलेला. धाकट्यानं आधी उचलायचं ही रीत, तसं दिरांनी पाण्याजवळचा म्हणून तिरपा तुकडा उचलला. सगळे म्हणाले, तिळाचा फरक नाही.

फरक पेरणीला दिसायचा. आमचे मालक एकाच पोत्यातून दोन्हीकडं सारखं बाजरीचं बी मापून द्यायचे. पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या लाकडी वाटीवर, मूठ धरून बी सोडायचं काम बाईचं. आमच्या रानात मी, तिकडं धाकटी जाऊ. माझं बी शेवटच्या तासाला, म्हणजे पेरणीच्या शेवटच्या ओळीला, बरोबर संपायचं. तिचं दरवर्षी उरायचं.

मग दीर बांधावरूनच म्हणायचे, "वैनी, हिला जरा शिकवा. मूठ लई आखडती हाय. माहेरी चिमटीनं पेरत्यात वाटतं."

जाऊ म्हणायची, "मी सारखंच सोडते."

पण रान सारखं, बी सारखं, मग उरलं कशानं? दोष तिच्या मुठीला चिकटला तो चिकटलाच. एका साली तिनं मूठ सैल सोडली, तर बाजरी दाट होऊन कणसं बारीक राहिली. त्याचंही खापर तिच्यावरच. मलाही मनातून वाटायचं, की हिचाच हात चुकत असेल. हे लिहिताना लाज वाटते.

तिची मुलगी तिसगावच्या शाळेत नववीला आहे. अभ्यासाला ती माझ्या ओसरीवर बसते. एकदा मी डाळ निवडत होते आणि ती एकाच त्रिकोणापुढं तासभर बसली होती.

"एवढं काय त्यात?" मी विचारलं.

"मोठीआई, तिन्ही कोन मिळून सरळ कोनाएवढे होतात, हे सिद्ध करायचंय."

"मग मोजून बघ की."

"मोजलं तर ह्याच त्रिकोणाचं कळंल. बाकीच्यांचं काय?"

मी म्हटलं, "दहा मोज."

ती हसली. म्हणाली, "आमची सहल राहुरीला विद्यापीठात गेल्ती ना, तिथं एकच बी किती वाफ्यांत लावत्यात, सालोसाल. तरी तिथले सर म्हणाले, आतापर्यंत तरी असं दिसतंय. शास्त्रात तसंच बोलायचं असतं म्हणे. पण गणितात एकदा सिद्ध झालं की झालं. न काढलेल्या त्रिकोणाचंबी झालं."

न काढलेल्या त्रिकोणाचंही. माझे हात डाळीतच थांबले. सप्त्यात बुवा सांगतात, विश्वास ठेवा. मी ठेवते, त्यानं मनाला आधार होतो. पण ही पोर मला विश्वास ठेव म्हणत नव्हती. ती म्हणत होती, तू स्वतः बघ आणि कुठं चुकतंय का सांग. चौथी शिकलेल्या बाईला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात बाज नव्यानं विणायला काढली. जुना सुंभ सोडला, तर नुसती चौकट राहिली, सांध्यांत खिळखिळी. ती उचलून भिंतीला लावताना एका अंगाला कलली. मी बघत राहिले. लाकडं तीच, लांबी तीच, पण मधली जागा कमी झाली. आणखी कलवली, आणखी कमी. पार दाबली, तेव्हा लाकडं एकमेकांना टेकत आली आणि मांजर निघेल एवढीही जागा उरली नाही. चारी बाजू मात्र जशाच्या तशा.

डोळ्यांपुढं दिरांचा तिरपा तुकडा आला.

पुतणीला विचारलं, "हे बाजेचंच, का सगळ्याच तिरप्या चौकोनांचं?" तिनं आकृती काढली. समोरासमोरच्या दोन बांधांमधलं खरं अंतर सरळ, काटकोनात जाऊन मोजायचं असतं. तिरपा बांध त्याहून लांबच असतो. आपण तिरप्यानं गुणलं, म्हणून दिरांचं रान हिशेबात फुगलं, खरं कमीच होतं. मला ते लगेच उमगलं नाही. दोन दिवस रानात या बांधावरून त्या बांधावर एकदा सरळ आणि एकदा तिरपी चालले, पावलं मोजली, तेव्हा उमगलं.

मग भीती वाटली. हे सांगितलं तर आमचंच रान जाणार होतं. नाही सांगितलं तर जाऊची मूठ यंदाही आखडतीच ठरणार होती. काही दिवस बाज विणायला घेतली नाही, चौकट तशीच भिंतीला टेकवून ठेवली. पण जे कळलं ते न कळलेलं करता येईना.

पेरणीच्या तोंडावर चुलत सासरे, मालक आणि दीर अंगणात चहा पीत बसले होते. सासऱ्यांपुढं मी कधी बोललेले नाही. पदर सारखा केला, चौकट आणून त्यांच्यापुढं ठेवली आणि पुतणीला म्हटलं, "तू सांग." ती सांगत गेली, मी चौकट कलवत गेले.

दीर म्हणाले, "वैनी, माझं रान आता बाजंवर मोजता व्हय?"

मालकांच्या कपाळाला आठी पडली होती. सासरे म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी असंच मोजलं. ते काय खुळे व्हते?"

पुतणी म्हणाली, "न्हाई आजोबा. सरळ रानाला तुमची रीत बरोबरच हाय. तिरप्याला तेवढी चालत न्हाई."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. चौकट स्वतःच्या हातात घेतली. कलवली, सरळ केली, पुन्हा कलवली. कितीतरी वेळ. गावच्या अर्ध्या वाटण्या त्यांच्या दोरीनं झालेल्या. शेवटी मालकांकडं न बघताच म्हणाले, "चुकलं माझं. दोरी आन."

त्यांनी वय मधे आणलं नाही, मान मधे आणला नाही, आणि चौकटीनंही ते विचारलं नव्हतं. मला सासऱ्यांचं आणि चौकटीचं सारखंच कौतुक वाटलं.

संध्याकाळपर्यंत बांध आमच्या अंगाला सरकवायचं ठरलं. मालक दोन दिवस त्या बांधाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच खुंट्या ठोकायला गेले.

यंदा मालकांनी दरवर्षी उरायचं तेवढं बी पोत्यातच ठेवून बाकीचं दोघींना सारखं मापून दिलं, आणि जाऊचं बी शेवटच्या तासाला संपलं. तिनं रिकामी ओटी झटकून दिरांना दाखवली आणि म्हणाली, "बघा, माहेरची चिमटी." दीर बैलांचं जू सोडत राहिले. ती बांध ओलांडून माझ्याकडं आली आणि माझ्या ओटीत उरलेलं मूठभर बी बघून हसली. यंदा रान खरंच सारखं, बी सारखं, आणि उरलं होतं माझं.