पेवातली ज्वारी

बिराप्पाला गावात लय धीट म्हणत, कारण तो पेवात उतरायचा. पेव म्हणजे नदीकाठच्या चिवट मातीत खणलेली धान्याची खोल कोठी. तोंडावर दगडी फरशी. आत कोंडलेली हवा माणसाला हाक मारायलाही सवड देत नाही. उतरण्याआधी या धीट गड्याला दोनदा आडोशाला जावं लागे, हे फक्त त्याच्या बायकोला, सुलाबाईला ठाऊक.

त्या दुष्काळी साली सांगलीच्या बाजारात ज्वारी दिसेना. रेशनवर परदेशातनं आलेली लाल मिलो ज्वारी, तीही मिळाली तर. बिराप्पा ज्यांच्याकडं राबायचा त्या शेठजींची पेवं मात्र गच्च; भाव चढायचा होता ना!

एके सकाळी पुरवठा अधिकारी येणार अशी कुणकुण लागली. शेठजींनी फरशी काढायला लावली आणि पोती भरायची घाई सुरू केली. हवा पारखायला दोरीला बांधून सोडलेला कंदील खाली मिणमिणायला लागला.

"मालक, हवा अजून जड हाय," दोरी धरलेला गुंडा नावाचा गडी म्हणाला.

"विझला तर न्हाई ना? उतर रं बिराप्पा!"

बिराप्पा उतरला. गुडघाभर ज्वारीत उभा राहून पोती भरताना त्याच्या मनात आलं, धान्य हाय, माणसं हायत, भूक तर हायच. मग अडलंय कुठं?

तेवढ्यात वर गलका झाला. "जीप आली! फरशी सरकवा!"

"आवं, आत माणूस हाय!" गुंडा ओरडला.

"घटकाभर गप ऱ्हाईल!"

फरशी घासत आली. उजेडाची नुसती चीर उरली. बिराप्पा बेंबीच्या देठापासून किंचाळला, "सायेब! मेलो! हितं ज्वारी हाय!"

साहेबांनी त्याला बाहेर काढलं, पंचनामा केला, फरशीवर लाखेचं सील ठोकलं.

"आता वाटणार न्हवं, सायेब?"

"कोर्टाचा निकाल लागू दे."

म्हणजे ज्वारी आधी भावासाठी थांबली होती, आता निकालासाठी. राखणीला साहेबांनी बिराप्पालाच बसवलं.

आठवड्यानं बाया पाट्या घेऊन आल्या. पुढं सुलाबाई.

"उठा तितनं."

"अगं, सरकारी सील हाय. खडी फोडायला धाडतील."

"धाडू द्या. पोरगी दोन दिस जेवली न्हाई."

बिराप्पानं रस्त्याकडं पाहिलं. मग तो उठला आणि दगडानं सील फोडून त्यानं फरशी बाजूला सारली, हवा पालटू दिली.

"आत कुणी जायाचं न्हाई, मीच उतरतो," तो म्हणाला. "फकस्त तू फरशीपाशी उभी ऱ्हा, सुले. कुणी का येईना, ती सरकू द्यायची न्हाई."