सुशीलाबाई, विद्यानगर

विद्यानगरात मी ज्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहतो, ते एकनाथराव सरकारी कचेरीत स्टेनो होते. साहेबाने बोलायचं, यांनी उतरवायचं. जन्मभरात स्वतःचं म्हणून एक वाक्य त्यांनी लिहिलं नसेल. निवृत्तीनंतर साहेब बदलला, एवढंच. आता सुशीलाकाकू पलंगावरून बोलायच्या आणि काका मोबाइलवर उतरवून घ्यायचे.

काकूंचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले. तोंड मात्र शाबूत होतं आणि ते कुणाच्या बापाला घाबरणारं नव्हतं. सकाळचा चहा झाला की काका एका मराठी ॲपवरच्या सिनेमाच्या बातम्या मोठ्याने वाचत. त्यांवर काकू जे बोलत, ते प्रतिक्रिया म्हणून बातमीखाली जाई. मला वरपर्यंत ऐकू यायचं.

"प्रसिद्ध नायिका विमानतळावर दिसली," काका वाचत.

"लिहा, मी दोन वर्षं पलंगावर दिसतेय. माझी बातमी कधी देता?"

मनःशांतीसाठी एक नट हिमालयात गेला, तर त्या म्हणाल्या, "फोटोवाल्याला सोबत नेलं की. शांती बिचारी परेशान होऊन पळाली असेल."

लिहिलेलं काका वाचून दाखवत. काकू "हौ, पाठवा" म्हणाल्या की मगच ते जाई. खाली नाव काकूंचं: सुशीलाबाई, विद्यानगर. उतरवणाऱ्याचं नाव कधी असतं का, असं काकांचं म्हणणं. लोक बातमी सोडून आधी काकूंना शोधायचे. असल्या पोकळ बातम्या मीही त्यांच्यासाठीच उघडायचो, नाहीतर कोण वाचतो ते.

मार्चमध्ये बहिणीच्या लग्नाला मी पंधरा दिवस नांदेडला होतो. मांडवात बसून मोबाइल बघत होतो. एका नायिकेच्या मांजराला सर्दी झाल्याने चित्रीकरण थांबलं, अशी बातमी होती. तिच्याखाली सुशीलाबाईंच्या नावाने लिहिलं होतं:

"सुशीलाबाई बुधवारी पहाटे वारल्या. यापुढे प्रतिक्रिया येणार नाहीत."

मला हसूच फुटलं. काकूंनी पलंगावरून हे सांगितलं असणार आणि काकांनी निमूट लिहिलं असणार. मी त्याखाली हसऱ्या तोंडाचं चिन्ह दाबून मोकळा झालो. माझ्याआधी तीनशे जणांनी तेच केलं होतं. कुणी लिहिलं होतं, "सर्दी काकूंनाच लागली वाटतं." दुसऱ्याने लिहिलं होतं, "वर नेटवर्क चांगलं येतंय काकू."

परत आलो तर पलंग भिंतीला उभा लावलेला. काका खुर्चीवर बसले होते, डोकं भादरलेलं.

"कळवलं का नाही, काका?" मी विचारलं.

"तुझ्या घरी लग्न. तिथे काय कळवायचं," ते म्हणाले. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. "लोक रोज तिची वाट बघत होते, म्हणून त्यांना कळवलं. तर सगळे हसले. मी खाली परत लिहिलं, खरंच वारल्या. त्याला आणखी हसले. चांगली माणसं आहेत रे, वाईट नाहीत. पण ती गेली हे यांना पटेल असं काय लिहू? मला स्वतःचं लिहायची सवय नाही."

चूक कुठे झाली ते मला दिसत होतं. बायको गेली हे सांगतानाही या माणसाने खाली तिचंच नाव ठेवलं होतं. ते सांगायला माझी जीभ उचलेना.

काका हसणाऱ्यांची यादी बोटाने वर सरकवत होते. मी मनात म्हटलं, आता थांबा. माझ्या नावावर येऊन बोट थांबलं.

"हे तुझंच ना?"

मी मान हलवली.

"तुला तर ती कशी बोलायची ते ठाऊक होतं," काका म्हणाले. "तुझं नाव दिसलं तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, प्रशांतला कळलंय, आणि तिला आवडलं असतं म्हणून तो हसलाय. असंच ना?"

मी हो म्हणालो.