नळी कोरडी वाजेपर्यंत

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात गल्ल्यामागं बसून चहाच्या पाकिटांची तोंडं बंद करत होतो. "अण्णा, ह्ये गेलं वो... सकाळी आंघोळीला म्हणून उठलं, आन् तितंच बसलं ते बसलंच," एवढंच त्या बोलल्या आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. भूपाल गेला. तीस वर्षांचा माझा मित्र. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, तो मटकन खाली बसतो, असं आपण ऐकतो. मी काय केलं सांगू? हातातलं पाकीट पालथं केलं. त्याच्या पाठीवर मी लिहिलेला मजकूर होता, तो खाली गेला. बघायला दुकानात कुणी नव्हतं, तरी केलं. या गोष्टीला आता दीड महिना झाला, पण ते पाकीट पालथं करणं माझ्या डोक्यातून जात नाही.

भूपाल हुपरीचा. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, घराघरांत पैंजण होतात. त्याच्याही घराच्या पुढच्या खोलीत कारखाना होता, म्हणजे दोन बैठे पाट, तार ओढायची पट्टी, डाग द्यायची, म्हणजे चांदीचे सांधे जोडायची, फुंकणी आणि भिंतीला खिळ्यांची रांग. दर सोमवारी तो यष्टीनं कोल्हापूरला यायचा, व्यापाऱ्याला माल द्यायचा आणि परत जाताना आमच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून आठवड्याची चहापूड न्यायचा. आमचं दुकान चहापुडीचं आणि मसाल्याचं. मी बडबड्या आणि तापट, दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तरी माझा आवाज चौकात ऐकू जायचा. तो घुम्या. मी तासभर राजकारण बोलायचो आणि तो "व्हय की" एवढं म्हणून सुंठ हुंगत बसायचा. जैन माणूस, ओल्या आल्याला चातुर्मासात हात लावत नसे, म्हणून त्याच्यासाठी सुंठ वेगळी ठेवायचो मी. अशी दोस्ती कशावर टिकते, कोण जाणे... पण टिकली.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं त्याला परदेशी ऑर्डर दिली. चांदीच्या नळ्या, वीतभर लांब, खाली फुगीर आणि त्याला भोकं. कशासाठी ते व्यापाऱ्यालाही माहीत नव्हतं. भूपालला वाटलं, फुंकणीच असणार, दुसरं काय? भोकं चांगली मोठी पाडली, वारा मोकळा जावा म्हणून. माल जसाच्या तसा परत आला, आणि सोबत एक हिरव्या पानांच्या चुऱ्याचं पाकीट आणि इंग्रजी कागद. तो सगळा पसारा घेऊन सोमवारी भूपाल दुकानात हजर. "अण्णा, वाचा की जरा. माल का परत आला त्ये तरी कळंल."

मी वाचून दाखवलं. ही फुंकायची नव्हे, ओढायची नळी. यर्बा माते नावाचं झाड दक्षिण अमेरिकेत वाढतं, त्याची पानं पोखरलेल्या भोपळ्यात भरायची, वर गरम पाणी ओतायचं आणि नळीनं प्यायचं. भोकं मोठी, म्हणून चुरा तोंडात येत होता. पुढं त्यांच्या रीती लिहिल्या होत्या. भोपळा एक, नळी एक, आणि बसलेल्या सगळ्यांनी आळीपाळीनं त्यातूनच प्यायचं. पहिला भोपळा सगळ्यांत कडू, तो भरणाऱ्यानं स्वतः प्यायचा. नळी कोरडी वाजेपर्यंत ओढायचं आणि भोपळा परत त्याच्या हातात द्यायचा. आभार मात्र मानायचे नाहीत. आभार मानले की त्याचा अर्थ, मला आता नको, मला पुन्हा देऊ नका. हे सगळं माझ्याच तोंडून त्यानं ऐकलं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. शेवटी लिहिलं होतं की ही पानं मूळची ग्वारानी नावाच्या जंगलातल्या लोकांची, त्यांच्याकडून बाहेरच्यांनी शिकली आणि मग मळे लावले, धंदा केला. भूपालनं पानांचं पाकीट उलटसुलट करून बघितलं. त्यावर छान टोपीवाल्या माणसाचं चित्र होतं. "मग त्या जंगलातल्या माणसांचं नाव कुठं हाय ह्येच्यावर?" म्हणाला. मी हसलो. काय पण प्रश्न, म्हटलं.

त्या दिवशी आम्ही जे केलं ते कोल्हापुरी माणूसच करेल. पाणी ओतायचं, हे कागदावर लिहिलेलं असताना मी ती पानं म्हशीच्या दुधात टाकून खळाखळा उकळली, वर आलं, वेलदोडा, गूळ. काडेचिराईताचा काढा बरा! दूध फाटलं ते वेगळंच. मी शिव्या घालत मोरीत ओतलं, पण भूपालनं आपला कप संपवला आणि विचारात पडला. पुढं त्याच व्यापाऱ्याकरवी पानं मागवून कितीतरी सोमवार तो त्याच्या मागं होता. ह्या पानाला उकळी सोसत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. डाग देताना आच कुठं थांबवायची, हे ज्याला कळतं त्यालाच ते कळणार. आधी आपला चहा करायचा, सुंठ, लवंग, वेलदोडा, दालचिनी घालून, दूध घालून. खाली उतरवून मग गूळ. उकळी पूर्ण बसू द्यायची, आणि मग तो चहा पानांवर ओतायचा. कुठली चहापूड, किती मसाला, एवढं मी सांगितलं. बाकी सगळं त्याचं. भोपळा त्याच्या शेताच्या कुंपणावरचा, कडू जातीचा, वाळवून पोखरलेला. आणि नळीच्या टोकाला त्यानं घुंगरू बसवलं! पैंजणाचं घुंगरू करतात तसंच दोन वाट्या जोडून, फक्त आत खडा नाही आणि अंगभर सुईएवढी भोकं. तो चहा ओढला की आधी गूळ लागायचा, मग मसाला, आणि घोट खाली उतरल्यावर मागून कडू यायचं. त्याच्या कारखान्यात त्या चहाला नाव पडलं 'कडू'.

हुपरीत त्यावरून तोंडं वाकडी झालीच. "पावण्याच्या आदी सोता पितोय बघ कसा," म्हणून शेजारचे नावं ठेवायचे. त्याची आई तर एका नळीतून दहा जणांचं उष्टं म्हणून त्या खोलीत पाऊल ठेवीना. मीसुद्धा पहिल्या दोन-तीन खेपा रुमालानं नळी पुसली. भूपालनं ते बघितलं. पुढं माझं मलाच लाजल्यासारखं झालं आणि रुमाल खिशात राहिला. मी महिन्यातून एकदा तरी हुपरीला जायचो. पहिला भोपळा तो प्यायचा, दुसरा माझा. माझ्यानंतर वहिनी, मग कारागीर. आपल्याकडं चहाला कोण आभार मानतं? बास म्हणतात, संपलं. पण भूपालनं त्या कागदावरची रीत पक्की धरली. "बास न्हाय म्हणायचं. आभारी हाय म्हणायचं," असा दंडक. एकेक कारागीर मोठ्यानं "आभारी हाय!" ओरडून पाटावर परत जायचा आणि सगळे हसायचे. हे असं कित्येक वर्षं चाललं. आमच्या दोघांत तो शब्द कधीच आला नाही. मला घाई असली की मी नुसता उठायचो आणि तो म्हणायचा, "ऱ्हायला वो तुमचा एक."

मग फुटबॉलचा वर्ल्डकप आला. कोल्हापूरला त्याचं काय वेड असतं, ते सांगायला नको. तालमीची पोरं पेठेत झेंडे लावत होती, त्यांना मी गंमत म्हणून दुकानात कडू पाजला. अर्जेंटिनाचे खेळाडू हेच पितात म्हटल्यावर दुकानापुढं झुंबड उडाली. माझा मुलगा प्रसाद पुण्याहून शिकून आला होता. त्यानं बाहेरून पानं मागवली, पाकीट केलं, शेजारचा गाळा घेऊन टेबलं मांडली. एक दिवस म्हणाला, "बाबा, तुम्ही पेपरात लिहिता ना, मागच्या बाजूला गोष्ट लिहा. लोकांना गोष्ट लागते." मी म्हटलं, "भूपालचं लिहू?" तर म्हणतो, "हुपरीचा पैंजणवाला म्हटल्यावर चहा कोण घेईल? घराण्याचं काहीतरी लिहा." दूधवाल्यावर ओरडणारा मी, त्या दिवशी मूग गिळून बसलो. आणि लिहिलं. स्वतःच्या हातानं लिहिलं. 'आमच्या आजोबांनी देशोदेशीच्या पानांचा ध्यास घेतला, तीन पिढ्यांनी जपलेली ही चव...' आजोबांनी मिरजेच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. थू! लिहिताना मात्र वाक्य जमलं म्हणून खूश झालो होतो मी.

सोमवारी भूपाल आला. प्रसादनं त्याला कागदी कपात चहा दिला, काका काका म्हणत. त्यानं टेबलावरचं पाकीट उचललं. पुढचं इंग्रजी होतं, ते त्यानं नेहमीसारखं माझ्यापुढं धरलं, "वाचा की अण्णा." मी चव, वजन, असलं काहीतरी वाचलं. मग त्यानं ते पालथं केलं. मागं मराठी होतं. ओठ हलवत, ओळीवर बोट ठेवून त्यानं सगळं वाचलं. मी त्याच्या बोटाकडं बघत होतो, नखाच्या कडेला डागाची काळी रेघ होती. भांडेल, असं वाटलं. मी तयारही होतो, आवाज चढवायला मला किती वेळ लागतो? त्यानं पाकीट होतं तिथं नीट ठेवलं, कप शेवटपर्यंत प्यायला, उठला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आभारी हाय, अण्णा."

प्रसादला वाटलं, काका खूश झाले. मला कळलं. सगळ्या कोल्हापुरात त्या क्षणी ते मला एकट्याला कळलं. स्टँडकडं जाताना त्याची पाठ मला चौकापर्यंत दिसत होती. हाक मारली असती तर वळला असता. नाही मारली. पुढच्या सोमवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी रोज उद्या जातो म्हणायचो. जाऊन काय सांगायचं? मुलानं केलं म्हणून? अक्षर माझं होतं. असे आठ महिने गेले... आणि तो फोन आला. मातीला गेलो, मागं उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परतलो. भित्रा माणूस दुसरं काय करणार?

गेल्या आठवड्यात मात्र गेलो. जाताना नव्या पाकिटाचा नमुना बरोबर नेला होता. प्रसादशी भांडून, आकाशपाताळ एक करून करवून घेतलेला. त्यावर भूपालचा फोटो, नाव, नळीची सगळी हकिकत. कारखाना होता तसाच होता, फक्त पाटावर कुणी नव्हतं. फुंकणीशेजारच्या खिळ्यावर नळी लटकत होती. वहिनींनी काही न विचारता चहा टाकला, उतरवला, उकळी बसू दिली, मग थर्मासात भरून आणला. भोपळ्यात पानं घातली, पहिला स्वतः प्यायल्या. दुसरा भरून माझ्यापुढं धरला. "दुसरा तुमचा. आठ म्हैने ह्येनी भरून ठिवत हुते हितं. थंड झाला की सोताच प्यायचे. कुणाला हात लावू देत न्हवते."

मी भोपळा घेतला. खिशातून तो नमुना काढून दिला. वहिनींनी तो खिडकीच्या उजेडात धरून वाचला आणि घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला. "नगं, अण्णा. जित्या माणसाचं नाव घालायला तुमास्नी लाज वाटली. आता मेलेल्याचं नाव घालून इकणार व्हय?" आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

नमुना खिशात घालून मी विचारलं, मग पेपरात लिहू का? विकायला नाही, नुसतं लिहू? त्या म्हणाल्या, "लिवा. पण ह्येंचं ग्वाड ग्वाड तेवढंच लिवू नगा. तुमचं बी लिवा." म्हणून हे लिहिलं आहे. तो चहा भूपालचा होता. माझ्या आजोबांचा नव्हता, माझा नव्हता, आणि पानं ज्यांची होती त्यांचं नाव तर त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

वहिनी भरत राहिल्या. मी नळी कोरडी वाजेपर्यंत ओढायचो, त्या हात पुढं करायच्या आणि पुन्हा भरायच्या. एकदाही थांबल्या नाहीत, एकदाही हसल्या नाहीत. पाचव्या-सहाव्या खेपेला पानांत काही उरलंच नाही. कडू सगळं निघून गेलं, नुसतं कोमट गुळमट दूध येत होतं, तरी पीत राहिलो. शेवटी त्यांनी थर्मास उपडा करून दाखवला, एक थेंब पडला नाही. "संपलं, अण्णा," म्हणाल्या. "आता तरी म्हणा."

मी भोपळा त्यांच्या हातात दिला. तो शब्द मात्र म्हटला नाही.