घासलेला नंबर

जावयांनी ती रायफल घरी आणली आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं.

परदेशी, हॅमिल्टनला मुलीकडे सहा महिने राहायला गेले होते. जावई दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात होते. शिकायला म्हणून गेले आणि तिथलेच झाले. त्यांना जुन्या जर्मन लष्करी रायफलींचा नाद. लोखंडी कपाटात तीन होत्या. रविवारी टेबलावर चादर अंथरून एकेक सुटी करायचे आणि भिंगातून खुणा बघून वहीत उतरवायचे. बारीकसा गरुड म्हणजे तपासनिसाने पास केलेला भाग. सगळ्या भागांवर एकच नंबर असला तर रायफल जशीच्या तशी, मूळची, म्हणून किंमत जास्त. मी बॅटरी धरून उभी राहायचे. जावयांपुढे माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

ही चौथी ओटाहुहू नावाच्या उपनगरातल्या एका म्हाताऱ्याची. आठवडाभर बघा, पसंत पडली तर शनिवारी अदलाबदल, असं ठरलं होतं. बदल्यात जावई आपली पहिली रायफल देणार होते, शिकत असताना किवीची फळं तोडायला जाऊन मिळालेल्या पैशांतून घेतलेली.

"सगळे नंबर मॅच आहेत, आई. अशी सापडत नाही," म्हणाले आणि बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, पुसायला माझ्या हातात दिला.

मी चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन भांड्यांच्या दुकानात आले आणि पंचवीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. भावांची वाटणी झाली की भांडी नाव बदलायला यायची. जुनं नाव कानसेने घासायचं, वर नवं ठोकायचं. डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठा किंचित खाली जातो आणि नव्या अक्षराच्या कडा टोचतात.

त्या बोल्टवरच्या नंबरावर अंगठा खाली गेला.

तो सोमवार होता. मंगळवारी मुलीला सांगितलं.

"तुला बंदुकीतलं काय कळतं गं?"

"बंदुकीतलं नाही. ठोकण्यातलं."

"मग त्यांना सांग. चहा घेता का, याच्यापुढे तू त्यांच्याशी कधी बोलली नाहीस. आता एकदम बंदुकीवर बोल." ती हसत कामाला निघून गेली.

मी दोनदा जावयांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. घरात दूध असताना कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणलं. भाजी दोनदा खारट झाली. सासूनेच चूक दाखवली, तर त्यांना काय वाटेल?

शनिवारी सकाळी ते पहिल्या रायफलीला तेल लावत होते. कालच लावलेलं होतं. ती गुंडाळून न्यायला ब्लँकेट उलगडलेलं होतं. मी बॅगेतला माझा तांब्या आणून पुढे ठेवला.

"नावावरून जरा अंगठा फिरवा."

"आई, उशीर होतोय."

"फिरवा."

त्यांनी फिरवला. "खड्डा लागतोय."

"तिथे मोठ्या जाऊबाईंचं नाव होतं. मीच घासलं. आता त्या म्हाताऱ्याच्या रायफलीच्या बोल्टवर फिरवा."

दोनदा फिरवला. मग भिंग आणलं, खुर्चीत बसले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आणि सांगताय आज?"

मी तांब्या उचलला. पहिली रायफल कपाटात ठेवून ते म्हाताऱ्याची परत करायला गेले.

दुपारी आले. जेवताना म्हणाले, "त्या म्हाताऱ्याच्या वडलांनी घेतलेली होती. त्याला माहीतच नव्हतं. मी असताना किती वेळ अंगठा फिरवत बसला होता."



हात धुतल्यावर त्यांनी कपाट उघडून पहिली रायफल टेबलावर ठेवली. वही उघडली. "आता हिच्यावर फिरवा."

मी पदराला हात पुसले. बोल्ट ठीक होता. नळीवरचा नंबरही ठीक. घोड्याखालच्या पट्टीवर अंगठा खाली गेला. सोमवारपासूनची ती पाच दिवसांची घालमेल मला पुन्हा नको होती.

"ही पट्टी घासलेली आहे," मी लगेच म्हणाले.

त्यांनी पट्टीवरून स्वतः अंगठा फिरवला. मग पेनाचं टोपण काढून वहीत लिहिलं.

"पुढे," म्हणाले.