अण्णांना एकट्यानं कर्जतला जायचंय

मंडळी, आज सकाळी मोबाईलवर बिनड्रायव्हरच्या गाडीचा व्हिडिओ लावला होता. माझे वडील, अण्णा, शेजारी बसून ऐकत होते. तीस वर्षं त्यांनी पाथर्डी-शेवगाव प्रवासी जीप चालवली. आता काचबिंदूनं नजर गेलीय.

"आंधळ्या मानसाला बसू देत्यात का रं त्यात?"

मी म्हणालो, "अण्णा, आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या बिनलाईटच्या उभ्या असतात. त्या गाडीला काय कळणार? जिवाला धोका."

"माझ्या जीपमधी लोकं माझ्या भरवशावर झोपूनच जायची की."

"कुठं जायचंय? मी नेतो."

"कर्जतला, आक्काकडं. तू नेशील रं. पन कुनाला न इचारता, एकदा एकट्यानं जावं वाटतं."

भीती मला अजून वाटतेच. पण तुम्ही काय उत्तर दिलं असतं?